पान २२५ वर काय आहे?

प्रति,
विधी आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांचे संशोधन-मार्गदर्शक आणि परीक्षक यांस

सन्माननीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. लघुप्रबंध बांधायला टाकण्याआधी विद्यार्थी संदर्भसूची दाखवायला माझ्या टेबलाशी येतात. यंदा एकाच आठवड्यात चार प्रबंध आले. चारहींमध्ये केशवानंद भारती खटल्याचा हवाला होता आणि तळटीपही अक्षरशः एकच होती : (१९७३) ४ एससीसी २२५, पृष्ठ २२५. म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' या निकालसंग्रहाचा १९७३ चा चौथा खंड, पान २२५.

त्यांतल्या एका मुलीला मी म्हटले, "चल, ते पान काढून बघू या." तो खंड तिने पहिल्यांदाच हातात घेतला होता, हे तिच्या धरण्यावरूनच कळत होते. पान निघाले. त्यावर खटल्याचे शीर्षक होते, पक्षकारांची नावे होती. सायटेशनमधला, म्हणजे निकालाच्या या पत्त्यातला, शेवटचा आकडा म्हणजे निकाल जिथे सुरू होतो ते पान. मूलभूत संरचनेविषयीचे (राज्यघटनेचा जो गाभा संसदेला दुरुस्ती करूनही बदलता येत नाही, त्याविषयीचे) जे वाक्य तिने या पानावरचे म्हणून दिले होते, ते तिथे नव्हते. तिने पुढची काही पाने उलटली. तरी सापडेना. मग मान वर करून तिने विचारले, "मॅडम, मग ते वाक्य नक्की आहे कुठे?"

संपूर्ण प्रबंधात तिला पडलेला हा पहिला खरा संशोधनाचा प्रश्न होता आणि तो बांधणीच्या आदल्या दिवशी पडला. यात मी तिला दोष देत नाही. विद्यापीठाच्या मूल्यमापनाने, तुम्ही आणि आम्ही ग्रंथालयवाल्यांनीही तिला आजवर एकच गोष्ट शिकवली : संदर्भ भरपूर हवेत. ते वाचलेत का, असे तिला कुणी विचारले नव्हते. म्हणून हे पत्र तिला न लिहिता तुम्हांला लिहिते आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. विद्यार्थ्याने ज्या निकालाचा, कायद्याचा किंवा चर्चेचा हवाला दिला असेल, ते साधन त्याने मुळातून वाचलेले असले पाहिजे, निदान त्याला लागणारा भाग तरी. आणि तो वाचला आहे की नाही, हे तपासणे ही तुमची जबाबदारी आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. २४ एप्रिल १९७३ ला लागलेला तो निकाल तेरा न्यायमूर्तींच्या पीठाचा. त्यात अकरा स्वतंत्र निकालपत्रे आहेत. कौल सात विरुद्ध सहा. शेवटी बहुमताचे मत म्हणून एक छोटासा सारांश जोडला आहे. त्यावर नऊ न्यायमूर्तींच्या सह्या आहेत, चौघांनी सही केलेली नाही. मग 'न्यायालयाने म्हटले' म्हणजे नेमके कोणी म्हटले? पारडे फिरले ते न्यायमूर्ती खन्ना यांच्या निकालपत्राने, आणि त्यांचे म्हणणे बहुमतातल्या बाकीच्या सहांपेक्षा वेगळे होते. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा आहेत हा युक्तिवाद त्यांनी मान्य केला नाही. 'दुरुस्ती' या शब्दाच्या अर्थावरूनच ते मूलभूत संरचनेपाशी पोहोचले, आणि मालमत्तेचा हक्क त्या संरचनेत बसत नाही असेही त्यांनी सांगितले. त्यावरून पुढे असा समज पसरला, की मूलभूत हक्क मूलभूत संरचनेच्या बाहेर आहेत असे त्यांचे मत होते. १९७५ मध्ये इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण या खटल्याच्या निकालात त्यांना स्वतःला खुलासा करावा लागला, की मला तसे म्हणायचे नव्हते.

निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींना जिथे दोन वर्षांनी आपल्याच वाक्यांचा अर्थ सांगावा लागला, तिथे आपला विद्यार्थी एका ओळीत विषय संपवून पुढच्या संदर्भाकडे जातो. त्याच्या हाताशी असते ते गाइडमधले वाक्य. गाइडवाल्याने ते एखाद्या पाठ्यपुस्तकातून घेतलेले असते, आणि पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने कधीकाळी मुळातून वाचून ते आपल्या शब्दांत आटोपशीर केलेले असते. प्रत्येक टप्प्यावर एखादा 'पण', एखादा 'या परिस्थितीत', एखादे परंतुक गळून पडते. कायद्यात सगळा जीव त्या 'पण'मध्ये असतो.

पुट्टस्वामी खटल्यातही हेच होते. खासगीपणाच्या हक्कावरचा हा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायमूर्तींचा, त्यात सहा निकालपत्रे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेले निकालपत्र चौघांचे आहे. नवांत चार म्हणजे बहुमत होत नाही. तरी त्यातला कुठलाही परिच्छेद उचलून 'नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने म्हटले' असे लिहिलेले प्रबंध मी दरवर्षी बघते. एकमत होते ते शेवटच्या आदेशावर. मूळ निकाल उघडणाऱ्याला हा फरक पाचव्या मिनिटाला कळतो. न उघडणाऱ्याला तो पदवी हातात पडली तरी कळत नाही.

हेडनोटविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या चुकीला तुम्हीही फसता. हेडनोट म्हणजे निकालाच्या आधी छापलेला सारांश. ती न्यायमूर्ती लिहीत नाहीत, ती अहवाल छापणाऱ्या संपादकाची असते. विद्यार्थी मात्र तीच अवतरणचिन्हांत घालून खाली न्यायमूर्तींचे नाव टाकतो. ओळखायला फार सोपे आहे. न्यायमूर्ती पानभर युक्तिवाद मांडतात, 'मला असे वाटते' म्हणतात, एखादी शक्यता तपासून बाजूला ठेवतात. हेडनोट तुटक असते आणि 'असे ठरले' अशा धाटणीने सुरू होते. अवतरण फारच घोटीव वाटले तर ते बहुतेक वेळा हेडनोटमधले असते.

एवढ्याने काय बिघडते, असे वाटत असेल तर अमेरिकेतला १८८६ चा सँटा क्लारा परगणा विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे हा खटला आठवावा. युक्तिवाद सुरू होण्याआधी सरन्यायाधीश वेट यांनी एक शेरा मारला : चौदाव्या घटनादुरुस्तीतले समान संरक्षण कंपन्यांना लागू आहे की नाही, यावर न्यायालयाला युक्तिवाद ऐकायचा नाही, ते लागू आहे असेच आम्हां सर्वांचे मत आहे. प्रत्यक्ष निकालपत्र वेगळ्याच मुद्द्यावर लिहिले गेले आणि या प्रश्नाचा निवाडा त्यात नाही. पण वृत्तांत छापणारे अधिकारी बँक्रॉफ्ट डेव्हिस यांनी तो शेरा हेडनोटमध्ये घातला, आणि पुढच्या पिढ्यांनी कंपन्यांना घटनात्मक संरक्षण देणारा निकाल म्हणून याच खटल्याकडे बोट दाखवले. १९०६ मध्ये त्याच न्यायालयाला एका दुसऱ्या खटल्यात स्पष्ट सांगावे लागले, की हेडनोट हे न्यायालयाचे लेखन नव्हे. तोवर वीस वर्षे उलटली होती.

वस्तुस्थितीचेही तसेच. अपकृत्य कायद्याचा (दुसऱ्याला केलेल्या नुकसानीच्या भरपाईच्या कायद्याचा) प्रत्येक विद्यार्थी डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन शिकतो आणि लिहितो, की पेयाच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली म्हणून १९३२ मध्ये उत्पादकाला जबाबदार धरले. ती गोगलगाय कधीही सिद्ध झाली नाही. फिर्यादीचे म्हणणे खरे मानले तर दावा चालू शकतो का, एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर, होता. त्यांनी तीन विरुद्ध दोन मतांनी 'चालू शकतो' असे उत्तर दिले. पुढे तडजोड झाली आणि पुरावा घेण्याची वेळच आली नाही. गोगलगाय सिद्ध झालेली नव्हती, हे निकालपत्राच्या सुरुवातीलाच कळते. पण सुरुवात वाचायला तर हवी.

कायद्याचा मजकूर ही दुसरी जागा. विद्यार्थी कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेले पुस्तक, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट उघडतो तेव्हा मला समाधान वाटते, पण तेवढ्याने काम होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा सांगणारे) श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरले. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२१ मध्ये ही बाब पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखवले. कलम पुस्तकांत छापलेलेच होते, रद्द झाल्याचा उल्लेख खाली तळटिपेत होता. ज्या देशात एका तळटिपेकडे दुर्लक्ष झाल्याने लोकांवर गुन्हे दाखल होतात, तिथे तळटीप वाचायला शिकवणे हे कायद्याच्या शिक्षणातले पहिले काम असायला हवे.

उलटेही घडते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चे पोटकलम (२) मजकुरात ठळक छापलेले आहे : निष्काळजी वाहन चालवून मृत्यूस कारण होणे आणि न कळवता पळून जाणे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू करणारी २३ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना वाचली तर दिसते, की हे पोटकलम तिच्यातून वगळले होते. यंदाच्या एका प्रबंधात या पोटकलमाच्या 'अंमलबजावणीच्या परिणामां'वर आख्खे प्रकरण होते. विद्यार्थ्याने कायदा वाचला होता, राजपत्र वाचले नव्हते. प्रकरण चांगले लिहिलेले होते, म्हणून मला जास्त हळहळ वाटली.

समाजशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी हाच मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे, कारण त्यांना कायद्याचा मजकूर वाचायला कुणी शिकवतच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर लिहिताना ते विशाखा निकालातली १९९७ ची मार्गदर्शक तत्त्वे आजचा कायदा म्हणून देतात, २०१३ च्या अधिनियमाचा पत्ता नसतो. 'कायदा आहे पण अंमलबजावणी नाही' हे त्यांच्या निष्कर्षातले ठरलेले वाक्य. कुठला कायदा, कुठले कलम, अंमलबजावणीची जबाबदारी त्या कलमाने कोणावर टाकली आहे, हे विचारले की उत्तर येत नाही.

संविधान सभेतल्या चर्चांचे एक छोटे उदाहरण देते. अनुच्छेद ३२ हा राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय आहे असे डॉ. आंबेडकर म्हणाले, हे वाक्य आपल्याकडे भिंतीवर लावलेले असते. ते मुळात शोधायला गेलात आणि ३२ हा आकडा घेऊन शोधलेत, तर चुकाल. ९ डिसेंबर १९४८ ला ते बोलले ते मसुद्यातल्या अनुच्छेद २५ वर. क्रमांक नंतर बदलले. एका विद्यार्थ्याला मी हे सांगितले नाही, फक्त "मूळ भाषण काढून आण" एवढेच म्हटले. दोन दिवसांनी तो आला तो मसुद्याचे आणि अंतिम घटनेचे अनुच्छेद समोरासमोर मांडलेला तक्ता घेऊन. कुणीही सांगितले नव्हते. शोधताना त्याला गरज पडली म्हणून त्याने तो केला. त्याच्या प्रबंधातली ती दोन पाने माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहेत.

मुळातून वाचल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यातल्या खटल्याचे आहे आणि तेही खुल्या पत्राचेच. मथुरा प्रकरणात, म्हणजे तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रात संताप आहे, पण पत्र उभे आहे ते निकालाच्या बारीक वाचनावर. उच्च न्यायालयाने संमती आणि निमूट शरणागती यांत जो फरक केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कुठे आणि कसा नाहीसा झाला, हे त्यांनी निकालाच्याच शब्दांवर बोट ठेवून दाखवले. संमतीत शरण जाणे असते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा त्यांचा मुद्दा. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. पुरावा कायद्यात कलम ११४अ आले : कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यांत संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे.

त्या चौघांनी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून पत्र लिहिले असते, तर ते चार सह्यांचे एक निषेधपत्रक ठरले असते.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत, त्या रास्तही आहेत. एकेका मार्गदर्शकाकडे डझनावारी विद्यार्थी, त्यात वेळापत्रक आणि परीक्षा. विद्यार्थी म्हणतात निकाल फार लांब असतात, आणि इंग्रजी झेपत नाही. इंग्रजीची अडचण मी सगळ्यांत गंभीर मानते, कारण मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले मी निकालाच्या पहिल्या पानावर अडखळताना पाहते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवाद आता उपलब्ध होऊ लागले आहेत. त्यांवरच लिहिलेले असते, की हा अनुवाद पक्षकाराला समजण्यापुरता आहे, अधिकृत पाठ इंग्रजीच. म्हणून मी मुलांना सांगते, अनुवाद शेजारी ठेवून वाचा आणि अवतरण देताना इंग्रजी परिच्छेदाशी ताडून द्या. दोन निकाल असे वाचले की तिसऱ्याला अनुवाद लागत नाही, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. तुम्ही वर्गात एकच निकाल, एकदाच, त्यांच्याबरोबर बसून वाचलात तर आमचे निम्मे काम होईल.

साधने मिळत नाहीत ही सबब मात्र आता उरलेली नाही. निकालाचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच केले, संपादकाचा हक्क त्याने स्वतः घातलेल्या भरीपुरता. 'ई-एससीआर' या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर जानेवारी २०२३ पासून अधिकृत अहवाल फुकट वाचता येतात. केंद्राचे अधिनियम 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. नव्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नसलेला न्यायालयाचा स्वतःचा क्रमांक, आहे आणि परिच्छेदांना क्रमांक. कपाटातला खंड दुसऱ्याने नेला म्हणून अडण्याचे दिवस गेले.

दुय्यम साधनांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मी स्वतः मुलांच्या हातात आधी भाष्यग्रंथच देते, नाहीतर ती निकालाच्या जंगलात हरवतील. भाष्य वाचून निकालाकडे जावे, आणि निकाल वाचून पुन्हा भाष्याकडे येऊन पाहावे की भाष्यकाराचे आपल्याला पटते का. ही परतीची फेरी झाली की विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःचे मत लिहितो. आणि मूळ साधन खरोखरच मिळाले नाही, तर 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. तशी तळटीप दिसली की गुण कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. आज प्रामाणिक तळटिपेला गुण कमी आणि न वाचलेल्या सायटेशनला जास्त, असे उफराटे चालले आहे.

संगणकाकडून लिहून घेतलेल्या मजकुराने तर ही गोष्ट तातडीची केली आहे. न्यूयॉर्कमध्ये माता विरुद्ध अ‍ॅव्हिआन्का या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ते शिकलेसवरलेले, सनदधारक वकील होते. न उघडलेला निकाल उद्धृत करायची सवय विद्यार्थिदशेतच लागली असेल, तर तो निकाल मुळात आहे की नाही हा प्रश्नही मनात येत नाही.

तेव्हा पुढच्या सत्रापासून तीन गोष्टी करा, असे मी हात जोडून सांगते. संदर्भांची किमान संख्या मागणे बंद करा. पन्नास निकालांची यादी मागितलीत की न वाचलेले पन्नास निकाल मिळणारच. पानाऐवजी परिच्छेद क्रमांक आणि कोणत्या न्यायमूर्तींचे निकालपत्र, हे प्रत्येक तळटिपेत मागा. निकालपत्रे अनेक असतील तर ते बहुमताचे की भिन्नमताचे, हेही. आणि मौखिक परीक्षेला विद्यार्थ्याच्या सूचीतला कुठलाही एक निकाल टेबलावर ठेवा आणि म्हणा, तू उद्धृत केलेले वाक्य यात काढून दाखव, आणि त्याच्या आधीचा परिच्छेद काय सांगतो ते तुझ्या शब्दांत सांग. पाच मिनिटे लागतात. निकालांच्या प्रती मी काढून ठेवीन, बाकीची महाविद्यालये आपल्या ग्रंथपालांना सांगतील.

शिवाय एकाच निकालावर आख्खा प्रबंध लिहायची परवानगी द्या. 'विषय फार छोटा आहे' म्हणून असे प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत. सातशेच्या आसपास पानांचा, अकरा निकालपत्रांचा निकाल छोटा विषय कसा?

त्या मुलीने बांधणी चार दिवस पुढे ढकलली. खन्ना यांच्या निकालपत्राच्या शेवटी त्यांनी आपले निष्कर्ष क्रमाने मांडले आहेत, तिथपर्यंत ती पोहोचली. प्रबंधातले 'न्यायालयाने म्हटले' तिने खोडले, तिथे 'बहुमतातील न्यायमूर्ती खन्ना यांच्या मते' असे लिहिले आणि परिच्छेदाचा क्रमांक टाकला. मग तिने स्वतःच उरलेली सूची तपासायला घेतली आणि न वाचलेले सगळे निकाल काढून टाकले. अठ्ठेचाळीस संदर्भ होते, एकोणीस उरले. तिचा प्रबंध आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. सूची तोकडी वाटली तर गुण देण्याआधी तिला त्या एकोणिसांपैकी कोणताही एक निकाल विचारा.

आपली नम्र,
एका विधी महाविद्यालयाची ग्रंथपाल